एका कुलपाची पंधरा वर्षे

संगणकाच्या इतिहासावर मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्यात बहुधा एकच कथानक असते. यंत्र खोलीएवढे होते, ते टेबलावर आले, मग खिशात मावले; दर काही वर्षांनी वेग वाढला आणि किंमत उतरली. हे कथानक खोटे नाही. पण त्यात एक प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. एका यंत्रात एकाऐवजी दोन, चार, चौसष्ट प्रोसेसर बसवले, तर त्या साऱ्यांना काम वाटून देणारी जी व्यवस्था, तिचे स्वतःचे काम कोणी करायचे? कचेरीत कारकून कितीही वाढवता येतात. पण प्रत्येक कागदावर सही हेडक्लार्कचीच लागत असेल, तर वाढलेले कारकून फक्त रांग लांबवतात. या रांगेचा इतिहास साठ वर्षांचा आहे, आणि तो आम्हांला यंत्रांच्या इतिहासाहून अधिक मानवी वाटतो. आम्ही भाषेचे विद्यार्थी, संगणकशास्त्राचे नव्हे. परंतु दप्तरातली कागदपत्रे लावून वाचण्याची सवय असलेल्या कोणालाही या विषयात रस वाटावा अशी त्याची साधने आहेत, कारण लिनक्ससारख्या प्रणालीत झालेले बहुतेक बदल, ते कोणी व का केले याच्या नोंदीसह, उपलब्ध आहेत.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मोकळी मेमरी किती उरली, कोणता प्रोग्राम आता चालवायचा, कोणती फाईल कोणी उघडली आहे, नेटवर्कवरून आलेला मजकूर कोणाच्या हवाली करायचा, या सगळ्याच्या वह्या कर्नलकडे असतात. प्रोसेसर एकच असेल तोवर वह्या सांभाळणे सोपे. दोन झाले की पंचाईत होते. समजा, दोन प्रोसेसर एकाच वेळी मोकळ्या मेमरीची वही उघडून पाहतात. दोघांनाही पहिली मोकळी जागा तीच दिसते, आणि दोघेही ती आपापल्या प्रोग्रामला देऊन टाकतात. वेगळे वेगळे पाहिले तर चूक दोघांपैकी एकाचीही नाही, तरी यंत्र कोसळते. शिवाय तीच चूक पुन्हा घडवून पाहावी म्हटले तर ती घडत नाही, कारण दोघांची गाठ नेमक्या त्याच क्षणी पडणे हा योगायोग असतो.

जुन्या एकत्र कुटुंबात अशा अडचणीवर एक साधा उपाय होता. कोठीची किल्ली घरातल्या एकाच बाईच्या कनवटीला असे. तांदूळ, तूप, गूळ, काहीही हवे असले तरी तिच्याकडे जायचे. हिशेब चोख राही, भांडण होत नसे. फक्त सणासुदीला पन्नास पाने उठायची असली की चार सुना कोठीच्या दाराशी ताटकळत उभ्या राहत. कर्नलच्या कामाची वाटणी हा बव्हंशी या किल्लीचा इतिहास आहे. मात्र तो एका धन्याकडून सर्वांच्या समतेकडे सरळ जाणारा इतिहास आहे, असे जे समजले जाते, ते आम्हांला पटत नाही.

अनेक प्रोसेसरांची कल्पना नवी नव्हे. बरोज कंपनीचे डी-८२५ हे यंत्र १९६२ सालचे. अमेरिकन लष्करी उपयोगासाठी बांधलेल्या त्या यंत्रात चारपर्यंत प्रोसेसर बसत आणि ते सारे एकच मेमरी वापरत. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच विद्वानाने १९६५ साली, कितीही प्रोसेसर असले तरी नाजूक कामाच्या वेळी एकाने दुसऱ्याला कसे थोपवायचे, याची सिद्धता मांडली; 'सेमाफोर' ही संज्ञा त्याच सुमाराची, रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरून आलेली. १९६७ साली जीन अ‍ॅम्डाल याने या साऱ्या उत्साहाला एक हिशेबी चिमटा काढला. कामाचा पाचवा हिस्सा जर एकामागून एकच उरकावा लागत असेल, तर चार प्रोसेसर लावून वेग चौपट होत नाही, अडीचपट होतो. सोळा लावावे तेव्हा कुठे चौपट. आणि हजार लावले तरी पाचपटीची वेस ओलांडता येत नाही. कोठीच्या दारातली रांग म्हणजे हा पाचवा हिस्सा.

मल्टिक्स ही एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून हाती घेतलेली प्रणाली मुळातच अनेक प्रोसेसर गृहीत धरून आखलेली होती. १९६९ साली बेल लॅब्ज तिच्यातून बाहेर पडली आणि त्याच वर्षी केन टॉम्प्सन याने एका लहानशा पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सचा आरंभ केला. यंत्र लहान, प्रोसेसर एक; साहजिकच युनिक्सच्या कर्नलने एक सोयीचे गृहीत धरले. कर्नलमध्ये शिरलेला प्रोग्राम आपण होऊन बाजूला होईपर्यंत त्याला कोणी हलवणार नाही. या एका सभ्य संकेतामुळे शेकडो कुलपे वाचली आणि कर्नल सुटसुटीत झाला. पुढे मल्टिक्स मागे पडले आणि युनिक्स जगभर गेले. त्याबरोबर तो संकेतही गेला. इतका खोलवर, की तो संकेत आहे हेही बहुतेकांच्या ध्यानी राहिले नाही. पुढच्या सगळ्या कटकटींचे मूळ या विस्मरणात आहे.

याची पहिली प्रचीती अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात आली. जॉर्ज गोबल आणि मायकेल मार्श यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दोन व्हॅक्स-११/७८० यंत्रे एकमेकांना जोडून त्यांवर युनिक्स चालवले. त्यांचा तोडगा कोठीच्या किल्लीचाच होता. एक प्रोसेसर धनी, दुसरा चाकर. प्रोग्राम दोघांवर चालतील, पण कर्नलचे काम फक्त धनी करील. चाकराकडच्या प्रोग्रामला कर्नलकडे काही मागायचे झाले की त्याला उचलून धन्याच्या रांगेत ठेवायचे. डिजिटल कंपनीने १९८२ साली विकायला काढलेल्या व्हॅक्स-११/७८२ मध्येही विषमता याच जातीची होती. गणिते सोडवणाऱ्या प्रोग्रामांना ही व्यवस्था फार मानवली, कारण त्यांना कर्नलची गरज क्वचित पडते. फाईली चाळणारे, नेटवर्कवर बोलणारे प्रोग्राम मात्र पुन्हा दाराशी उभे.

बेल लॅब्जमध्ये मॉरिस बाख आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास दुसरी वाट चोखाळली. कर्नलमधल्या प्रत्येक वहीला स्वतंत्र सेमाफोर लावायचा, म्हणजे वेगवेगळ्या वह्यांवर वेगवेगळे प्रोसेसर एकाच वेळी काम करू शकतील. बाखचे युनिक्सवरील १९८६ चे पुस्तक आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून वर्षानुवर्षे वाचले गेले. त्यात बहुप्रोसेसर प्रणालींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचताना हा विषय बाराव्या प्रकरणात का येतो, पहिल्याच का नाही, असा प्रश्न पडायला हवा. उत्तर वर आलेच आहे: मूळ घर एकट्यासाठी बांधलेले होते आणि वाटणी नंतरची होती.

सीक्वेंट कंपनीचा डायनिक्स, सनचा सोलारिस २ आणि डेव्ह कटलर याच्या नेतृत्वाखाली घडलेला विंडोज एनटी यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत हे अनेक कुलपांचे तत्त्व बाजारात आणले. सोलारिस २ हा १९९२ चा आणि एनटी १९९३ चा. दोन्हींत प्रत्येक प्रोसेसर कर्नलचे कोणतेही काम करू शकतो, हा पायाच होता. या रचनेला 'सममित' असे विशेषण लागले. शब्दाला एक नैतिक वास आहे, हे मान्य करायला हवे. धनी-चाकर ही जोडी मागासलेली आणि सममिती पुढारलेली, अशी वाक्ये त्या काळच्या लेखनात सर्रास सापडतात.

आता लिनक्सकडे येऊ. कारण सममितीची किंमत सर्वांत उघडपणे तिथे मोजली गेली.

जून १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.० मध्ये अनेक प्रोसेसरांची सोय प्रथमच आली. हे काम मुख्यतः अ‍ॅलन कॉक्स याचे, आणि त्याला कॅल्डेरा या कंपनीचे साहाय्य होते. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. कॉक्सने केलेली गोष्ट सांगायला अगदी लहान आहे. कर्नलच्या दारालाच एक कुलूप लावायचे. जो प्रोसेसर आत जाईल त्याने ते लावून घ्यायचे, बाहेर पडताना काढायचे. बाकीच्यांनी तोवर दाराशी घिरट्या घालायच्या. याला पुढे 'बिग कर्नल लॉक', म्हणजे कर्नलचे मोठे कुलूप, असे नाव पडले. पर्ड्यूच्या रचनेत आणि यात फरक एवढाच की धनी कायमचा ठरलेला नव्हता. ज्याच्या हाती किल्ली तो त्या क्षणापुरता धनी.

या कुलपाची नंतर पुष्कळ टिंगल झाली. आम्हांला ती अन्याय्य वाटते. लक्षावधी ओळींचा कर्नल, तो लिहिणारे जगभर विखुरलेले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी एकच प्रोसेसर असलेले यंत्र. अशा वेळी प्रत्येक वहीला वेगळे कुलूप लावायचा हुकूम काढला असता, तर निम्म्या वह्यांना कुलूप लागले नसते आणि उरलेल्यांना चुकीच्या क्रमाने लागले असते. दोन कुलपे दोघांनी उलट क्रमाने लावली की दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे थिजतात. मोठ्या कुलपामुळे जुना, भाबडा कोड जसाच्या तसा जगला. एकत्र कुटुंब मोडण्याआधी सुनांना हिशेब शिकायला वेळ मिळाला, असे म्हणू या.

मात्र त्या कुलपाला दोन चमत्कारिक खोडी होत्या. ज्याच्या हाती किल्ली आहे तोच पुन्हा कुलूप मागू शके आणि त्याला ते मिळे. आणि किल्ली बाळगणारा जर मध्येच झोपी गेला, म्हणजे डिस्कची वाट पाहत थांबला, तर किल्ली आपोआप सुटे आणि जागा होताच परत मिळे. सोय मोठी, पण तिचा परिणाम असा झाला की अमुक ओळीवर कुलूप खरोखर लागलेले आहे की नाही, हे ती ओळ वाचून कळेना. त्याहून वाईट म्हणजे कुलूप कशाचे रक्षण करते याची नोंद नव्हती. ते सगळ्याचेच रक्षण करत होते. ज्याचे नाव कशावरच लिहिलेले नाही ते कुलूप काढायचे कोणी, हा पुढच्या पंधरा वर्षांचा प्रश्न.

जानेवारी १९९९ च्या २.२ आवृत्तीत पुष्कळ कामांना वेगळी कुलपे मिळाली. पण एप्रिल १९९९ मध्ये माइंडक्राफ्ट या संस्थेने, मायक्रोसॉफ्टच्या पैशावर, एक तुलना प्रसिद्ध केली. चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डे असलेल्या डेलच्या यंत्रावर एनटी हे फाईल सर्व्हर म्हणून लिनक्सच्या अडीचपट आणि वेब सर्व्हर म्हणून ३.७ पट वेगवान ठरले. लिनक्सच्या गोटात संताप उसळला. चाचणी विकत घेतलेली आहे, यंत्र मुद्दाम निवडलेले आहे, असे आक्षेप निघाले. त्यांत तथ्य होते. लिनक्सच्या बाजूच्या लोकांना सोबत घेऊन चाचणी पुन्हा झाली, तेव्हा अंतर घटले; पण एनटी पुढेच राहिले. कारणही सापडले. चार कार्डांवरून मजकूर येत होता, पण तो उलगडून देण्याचे काम कर्नलमध्ये एका वेळी एकच प्रोसेसर करू शकत होता. शत्रूने पैसे देऊन करवलेली चाचणी खरी निघावी, याचे दुःख वाङ्मयीन वादांत मुरलेल्या वाचकांना सांगायला नको.

मग जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीत नेटवर्कचे हे काम फोडले गेले. त्याआधी इंटरप्ट येऊन गेल्यावर मागे उरलेली आवराआवर साऱ्या यंत्रात मिळून एका वेळी एकाच जागी चाले. आता ज्या प्रोसेसरवर इंटरप्ट आला त्यानेच आपली आवराआवर करायची, असा दंडक आला. काम वाटणारा शेड्युलर मात्र अजून एकच रांग सांभाळत होता आणि त्या रांगेला एकच कुलूप होते. इंगो मोल्नार या हंगेरियन प्रोग्रामरने जानेवारी २००२ मध्ये नवा शेड्युलर पुढे केला: प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची रांग, आणि अधूनमधून रिकाम्या प्रोसेसरने शेजाऱ्याच्या रांगेतले काम उचलून आणायचे. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीतून तो सर्वांपर्यंत पोचला. येथे कुलूप लहान झाले असे म्हणणे अपुरे आहे. वहीच फाडून प्रत्येकाला त्याची पाने दिली गेली. चूल वेगळी झाली की किल्लीचा प्रश्न आपोआप मिटतो.

पण सगळ्याच वह्या फाडता येत नाहीत. कोणता मजकूर कोणत्या वाटेने पाठवायचा याचे कोष्टक, किंवा फाईलींच्या नावांची यादी, सर्वांनाच लागते. अशा वह्या सेकंदाला लाखो वेळा वाचल्या जातात आणि क्वचित बदलतात. त्यांच्यासाठी सीक्वेंट कंपनीत पॉल मॅकेनी आणि जॉन स्लिंगवाइन यांनी १९९३ च्या सुमारास एक युक्ती रुजवली होती. 'वाचा, प्रत करा, बदला' असा तिच्या नावाचा अर्थ, आणि आद्याक्षरांवरून ती आरसीयू. महाविद्यालयातला सूचनाफलक डोळ्यांपुढे आणावा. वेळापत्रक बदलायचे आहे, म्हणून विद्यार्थ्यांना फलकापासून हाकलण्याची गरज नाही. जुन्याची प्रत करायची, तीत दुरुस्ती करायची आणि ती फलकावर लावायची. जे जुना कागद हातात धरून वाचत आहेत त्यांना वाचू द्यायचे. नंतर तासाची घंटा होते, फलकापुढचा प्रत्येक जण एकदा तरी वर्गाकडे वळतो, आणि मगच जुना कागद फाडायचा. वाचणाऱ्यांना कुलूप नाही, रांग नाही, थांबणेही नाही.

या युक्तीची किंमत पैशात नाही, तर विचारात मोजावी लागते. काही क्षण दोन वाचकांच्या हाती दोन वेगळी वेळापत्रके असतात, आणि दोघांनाही आपलेच खरे वाटते. एका क्षणी साऱ्या घराला एकच सत्य दिसले पाहिजे, हा मोठ्या कुलपाचा आग्रह इथे सोडून दिलेला आहे. आम्हांला तर असे वाटते की या साठ वर्षांत वेगाची जी जी मोठी उडी मारली गेली, ती हा आग्रह कुठे सोडता येईल हे ओळखण्यातून मारली गेली. जास्त हात कामाला लावण्यातून नव्हे.

सीक्वेंट १९९९ साली आयबीएमने विकत घेतली, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये आरसीयू लिनक्समध्ये आली. ती तिथे बसवणारे दीपंकर सरमा, आणि फाईलींच्या नावांच्या यादीत तिचा उपयोग करणारे मनीष सोनी, हे आयबीएमच्या भारतातील केंद्रातले अभियंते. संगणकाच्या इतिहासात भारतीयांचे नाव शोधताना आपण सहसा कंपन्यांच्या अध्यक्षांकडे पाहतो. आज कोट्यवधी फोनांत दर क्षणी चालणाऱ्या या ओळी मात्र आपल्याकडे फारशा कोणाला ठाऊक नाहीत. असो. मार्च २००३ मध्ये एससीओ ग्रुप या कंपनीने आयबीएमवर जो गाजलेला दावा लावला, त्यात आमच्या युनिक्सच्या हक्काचा माल लिनक्समध्ये घातला, अशी तक्रार होती, आणि त्या मालाच्या यादीत आरसीयू होती. ही एससीओ म्हणजे नाव बदललेली, त्या कॅल्डेराचीच वारस. ज्या घराण्याने लिनक्सला पहिले कुलूप घ्यायला मदत केली, त्याच घराण्याने कुलपावाचून वाचण्याच्या युक्तीवर दावा सांगावा, असे कथानक कोणा कादंबरीकाराने रचले असते तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

फ्रीबीएसडीमध्ये याच काळात वाटणीवरून घर फुटले. तिथल्या मोठ्या कुलपाचे नाव 'जायंट', म्हणजे राक्षस. २००० साली तो मारण्याचा संकल्प झाला. जानेवारी २००३ मध्ये ५.० आवृत्ती निघाली, ती संथ आणि गुंतागुंतीची निघाली, आणि पुष्कळ लोक जुन्या ४.x वरच थांबले. मॅट डिलन याचे म्हणणे होते की बारीक कुलपांचे हे जाळे कोणाच्याच आटोक्यात राहणार नाही; त्यापेक्षा प्रत्येक प्रोसेसरला आपापला शेड्युलर द्यावा आणि दुसऱ्याच्या हद्दीतले काम निरोप धाडून करवावे. त्याने जुलै २००३ मध्ये ड्रॅगनफ्लाय ही वेगळी शाखा काढली. त्याचे निदान बरेचसे बरोबर होते; पण त्याच्या घरातले जुने मोठे कुलूप काढायलाही कित्येक वर्षे लागली. फ्रीबीएसडीही आपल्या वाटेने २००८ च्या ७.० आवृत्तीपर्यंत सुधारली. दोन्ही पक्ष थोडे थोडे खरे ठरले, की असले भांडण इतिहासात पुसट होते.

लिनक्समधल्या मोठ्या कुलपाचा शेवट मात्र नाट्यमय आहे. २००८ पर्यंत ते फक्त जुन्या, दुर्लक्षित कोपऱ्यांत उरले होते. मधल्या काळात त्याचा पोत बदलून, वाट पाहणाऱ्याने घिरट्या घालण्याऐवजी झोपावे, अशी व्यवस्था झालेली होती. त्या वर्षी दुसऱ्याच कारणासाठी सेमाफोर नव्याने लिहिले गेले आणि एका चाचणीत वेग सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. शोध घेता कळले की ज्याला सगळे मेलेले समजत होते ते कुलूप अजून रोजच्या वाटेत उभे आहे. लिनस टोरवाल्ड्स याने ते पुन्हा घिरट्यांचे केले. या माघारीने चिडून मोल्नारने ते समूळ काढायची मोहीम उघडली. पुढे फ्रेडरिक वाइसबेकर आणि आर्न्ड बर्गमन यांनी ती धसास लावली. काम कंटाळवाणे होते. एकेक ड्रायव्हर उघडायचा, त्यात कुलूप कशासाठी घेतले आहे याचा अंदाज बांधायचा आणि त्या जागी लहान, नाव असलेले कुलूप बसवायचे. टर्मिनलच्या जुन्या कोडात तर कशाचा काही पत्ता लागेना, तेव्हा त्या खोलीपुरते एक 'मोठे टर्मिनल-कुलूप' करून वेळ मारून नेली. मे २०११ च्या २.६.३९ आवृत्तीत मोठे कुलूप गेले. १९९६ ते २०११: पंधरा वर्षे. त्याचे पुसणे दीड दशकाचे. अर्थात लिनक्सच मंद होता असे नाही. विंडोजमध्ये शेड्युलरभोवतीचे एक सामाईक कुलूप १९९३ पासून होते, आणि ते अरुण किशन या अभियंत्याने फोडले ते २००९ च्या विंडोज ७ मध्ये.

दरम्यान तात्त्विक प्रश्न उभा राहिलाच होता. झुरिकचे ईटीएच विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टचे केंब्रिज येथील संशोधन केंद्र यांनी २००९ साली बॅरलफिश ही प्रणाली मांडली. तिचे प्रतिपादन असे की कुलपे फोडत बसणे व्यर्थ आहे. एका यंत्राला अनेक यंत्रांचे जाळे समजावे, प्रत्येक प्रोसेसरवर स्वतंत्र कर्नल चालवावा आणि त्यांनी फक्त निरोपांनी बोलावे. सामाईक मेमरीवाचून निरोपांवर चालणारी यंत्रे आपल्याला अपरिचित नव्हती. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली सिद्ध केलेला परम ८००० हा ट्रान्सप्युटरांचा महासंगणक याच कुळातला. नवे होते ते एवढेच की आता हे तत्त्व एका टेबलावरच्या यंत्राच्या पोटात आणायचे होते. २०१० साली एमआयटीच्या मंडळींनी याला उत्तर दिले, आणि गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वी नव्या रचनेची गरज प्रतिपादणारे काही जण त्यांतच होते. त्यांनी ४८ प्रोसेसरांच्या यंत्रावर सात प्रोग्राम चालवून लिनक्स कुठे अडतो ते शोधले. सातांपैकी सहांत कर्नल अडत होता. पण दोष काढायला १६ दुरुस्त्या आणि ३,००२ ओळी पुरल्या. अडथळे बहुधा कुलपांचेही नव्हते. एखादी नोंद किती जण वापरत आहेत याचा एक साधा आकडा सगळे प्रोसेसर एकाच वेळी वाढवत-घटवत असत, आणि तो प्रत्येकाच्या जवळच्या कॅशमध्ये खेचला जाताना सारा वेळ जाई. उपाय पुन्हा तोच: आकडा फोडून प्रत्येकाजवळ थोडाथोडा शिल्लक ठेवायचा, आणि नेमकी बेरीज लागेल तेव्हाच करायची.

आणि आता सममितीच्या कथानकाला छेद देणारी गोष्ट. त्याच २०१० साली टोरोंटो विद्यापीठातील लिव्हियो सोआरेस आणि मायकेल स्टम यांनी फ्लेक्सएससी ही योजना मांडली. प्रोग्राम चालवणारा प्रोसेसर मध्येच कर्नलमध्ये शिरला की त्याच्या कॅशमधला मजकूर विस्कटतो, आणि परतल्यावरही बराच वेळ तो अडखळत चालतो. तेव्हा मागण्या एका सामाईक पानावर लिहून ठेवाव्यात आणि काही प्रोसेसर केवळ त्या पुरवण्यासाठी राखावेत. अपाची या वेब सर्व्हरचा वेग त्यांनी ११६ टक्क्यांपर्यंत वाढवून दाखवला. कर्नलचे काम काहींनीच करायचे, बाकीच्यांनी नाही: हा पर्ड्यूचाच नियम, वेगळ्या कारणासाठी परत आलेला. २०१३ पासून लिनक्समध्ये काही प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यांपासूनही मोकळे ठेवून कर्नलचे किरकोळ काम उरलेल्यांवर टाकता येते. त्या उरलेल्यांना तिथे 'हाउसकीपिंग', म्हणजे घरकाम करणारे, असेच म्हणतात. फोनांमध्ये तर प्रोसेसरच दोन जातींचे आले, थोडे दणकट आणि थोडे काटकसरी, आणि कोणते काम कोणाकडे द्यायचे हे बॅटरी पाहून ठरू लागले. सममिती हा मुक्काम होता, गंतव्य नव्हे. आणि धन्याचाकरांच्या रचनेत दोष होता तो विषमतेचा नसून, ती नाइलाजाने पत्करलेली होती याचा होता.

वेगळ्या चुलींचीही एक अडचण आहेच. २०१६ साली काही युरोपीय आणि कॅनेडियन संशोधकांनी दाखवून दिले की चौसष्ट प्रोसेसरांच्या यंत्रावर लिनक्सचा शेड्युलर काही वेळा एका रांगेत काम तुंबलेले असताना शेजारचे प्रोसेसर रिकामे ठेवत होता, आणि हे जवळजवळ दशकभर कोणाच्या ध्यानात आले नव्हते. यंत्र कोसळत नाही, उत्तर चुकत नाही. फक्त उशीर होतो, आणि उशिराची तक्रार कोण कोणाकडे नोंदवणार? तो शेड्युलर २०२३ साली ६.६ आवृत्तीत बदलला गेला. २०२४ च्या ६.१२ पासून तर ज्याला हवे त्याने आपला शेड्युलर बाहेरून लिहून कर्नलमध्ये बसवावा, अशीही मुभा आहे.

मोठी कुलपेही सगळी गेलेली नाहीत. नेटवर्कची मांडणी बदलायची, नवे कार्ड जोडायचे किंवा पत्ता द्यायचा झाला, तर लिनक्समध्ये आरटीएनएल नावाचे एक जुने सामाईक कुलूप घ्यावे लागते, आणि हजारो आभासी यंत्रे एकाच पेटीत नांदणाऱ्या आजच्या सर्व्हरांवर त्याच्यापुढे लांबलचक रांग लागते. २०२४ पासून ते प्रत्येक घरापुरते वेगळे करण्याच्या दुरुस्त्या एकेक करून येत आहेत. पहिली पायरी अर्थातच, त्या कुलपाआड नेमके काय काय ठेवलेले आहे याची यादी करणे.